पूजेच्या गाडीची उटी

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. त्याचा दोष कळंबच्या आमच्या घरात अजून माझ्या मेव्हण्याला देतात. तो त्याचा नाही.

दसऱ्याची सकाळ होती. माझी जुनी गाडी धुऊन, हार घालून अंगणात उभी केली, तर पुढचं चाक पंक्चर. सणाला आलेला मेव्हणा म्हणाला, "दाजी, शेजारून मोठा जॅक आणतो. तुमचा हा एका पायाचा, लई नाजूक."

"गाडी ओरिजिनल हाय, जॅक बी ओरिजिनलच लागंल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याच जॅकखाली फळी सरकवली, जॅकचा दांडा गाडीच्या दाराखालच्या नळीत बसवला आणि अंगणाला उतार, गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाला दगडाची उटी लावली. चाक काढलं, तेवढ्यात बायका आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. माझं लक्ष त्या शेणानं बरबटलेल्या दगडाकडे गेलं.

"पूजेच्या गाडीला असला दगड? काढ तो."

"चाक तर बसू द्या."

"हँडब्रेक वढलाय ना! काढ म्हणतो."

त्यानं काढला आणि स्टेपनी आणायला डिकीकडे गेला. मी चाक काढल्यानं उघड्या पडलेल्या ब्रेकच्या ड्रमखालचा चिखल पुसायला हात घातला. जुना हँडब्रेक धरला नाही; गाडी जराशी सरकली, जॅक आडवा झाला आणि ड्रम माझ्या हातावर बसला. माती भुसभुशीत होती म्हणून हात राहिला.

माणसं धावली. कुणीतरी ओरडलं, "उटी नव्हती लावली व्हय?"

मला हलता येत नव्हतं. समोर बायको ताट घेऊन उभी. मी म्हणालो, "त्याला इचारा."

मेव्हण्यानं दगड परत लावला होता, जॅक पुन्हा उभा करत होता. त्यानं एकदाच वर पाहिलं आणि हँडल फिरवत राहिला. बहिणीच्या दारात तो दाजीला खोटं पाडणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तसं बोललो.

तेव्हापासून पोरं त्याच्या हातातला पाना काढून घेतात. "मामा, तुमी लांबच बरं!" सगळे हसतात. तोही हसतो.

यंदाच्या दसऱ्याला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "उटी मीच काढायला लावली व्हती."

मुलगा म्हणाला, "किती सांभाळून घ्याल मामाला?" सुनेनं डोळ्याला पदर लावला. मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. तसा माझा मोठेपणा आणखीच वाढला.

मेव्हणा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा दाजी. आता न्हाई कोन ऐकायचं."