गच्चीवरचे चौदा लंगोट

आमच्या वेदांतच्या दवाखान्याच्या फाईलमध्ये तिसऱ्या पानावर जे औषध लिहिलंय ते त्याचं नाही, माझं आहे. फाईल तेवढी त्याची.

तेव्हा वेदांत पाच महिन्यांचा होता आणि माझ्या बायकोची, सुनंदाची, बाळंतपणाची रजा संपली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर, आणि राहायला कारखान्याच्याच वसाहतीत. बाळाला सांभाळायला अंथुर्ण्याहून सासूबाई दोन महिने आधीच आल्या होत्या. पण नेमका सुनंदा शाळेत हजर होण्याच्या मुहूर्तावर त्यांच्या भाच्याचा साखरपुडा निघाला आणि त्यांना एक दिवस गावाकडं जावं लागलं.

"मी रजा वाढवून घेते," सुनंदा म्हणाली.

"एका दिवसासाठी? मी हाय की, माझी सुट्टीच हाय."

"तुम्हाला लंगोट तरी बांधता येतो का?"

हा प्रश्न मला फार लागला. अख्खा बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला सहा किलोचं पोर सांभाळता येणार नाही? मी छाती काढून सांगितलं, "दिवसभरात माझा एक फोन आला तर नाव बदल."

आता त्या लंगोटांविषयी. विकतच्या डायपरनं वेदांतला पुरळ यायचं, म्हणून सासूबाईंनी आपल्या जुन्या, फुलाफुलांच्या सुती साड्या फाडून लंगोट शिवले होते. मऊ, पातळ, रोज उकळून काढलेले. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मला खटकायची ती त्यांची वाळवण्याची पद्धत. बाहेर रखरखीत ऊन असताना त्या सगळे लंगोट मागच्या पडवीत पत्र्याखाली घालायच्या आणि वरून आणखी एक जुनं लुगडं पांघरायच्या. विचारलं की म्हणायच्या, "बाळाची कापडं उघड्यावर घालू न्हाईत, जावईबापू." पुढं कारण नाही. मी ओळखलं, ही नजर लागण्याची भानगड आहे. आमच्याकडं दिवेलागणीच्या आत बाळाचे कपडे घरात घेतात, त्यातलाच हा प्रकार. मी शिकलेला माणूस (आयटीआय, फर्स्ट क्लास). उन्हानं जंतू मरतात हे मला पाचवीपासून माहीत होतं.

सुनंदा साडेनऊला गेली. वेदांत झोपला. मी चौदा लंगोट धुतले, उकळले, पिळले आणि थेट गच्चीवर नेऊन दोरीवर ओळीनं घातले. समोर कारखान्याची चिमणी, वर निळं आभाळ, मधे वाऱ्यावर फडफडणारे लंगोट. मी त्यांचा फोटोही काढला. बाराच्या सुमाराला ते कडकडीत वाळले. तेवढ्यात खालून रडणं ऐकू आलं म्हणून सगळे बगलेत मारून धावत सुटलो, कशाबशा घड्या घातल्या आणि त्यातलाच एक वेदांतला बांधला.

एक वाजता लंगोट सोडला. पोराच्या ढुंगणावर, मांड्यांवर काळे ठिपके! काही मोहरीएवढे, काही तिळासारखे लांबट. सकाळी सुनंदानं अंघोळ घालून हातात दिलं तेव्हा पोर लख्ख होतं. मी घाईघाईनं खोबरेल लावलं. ठिपके पसरले. ठिपक्याचा पट्टा झाला. मग कोमट पाण्यानं पुसून घेतलं, तर सगळं साफ. मी देवापुढं हात जोडले आणि घडीतला दुसरा लंगोट बांधला.

अर्ध्या तासानं पाहतो तर ठिपके परत हजर, आणि या वेळी वेगळ्या ठिकाणी. म्हणजे आजार जागा बदलत होता. मोबाईलवर शोधलं तर त्यानं अशी काही नावं दाखवली की मी मोबाईल पालथा घालून ठेवला. पुन्हा पुसलं, तिसरा लंगोट बांधला, पुन्हा ठिपके. वेदांत मात्र पायाचा अंगठा तोंडात घालून हसत होता. आजार डोक्यात गेला की पोरं अशी हसतात असं मी कुठंतरी ऐकलं होतं. (ऐकलं नव्हतं. त्या क्षणी तसं वाटलं.)

सुनंदाला फोन करायची सोय मी स्वतःच घालवून बसलो होतो. म्हणून सासूबाईंना लावला. मागं साखरपुड्याचा बँड वाजत होता.

"आई, बाळाच्या अंगावर काळं काळं उठलंय."

"लंगोट कुठं वाळवलं?"

"लंगोटाचं काय घेऊन बसलाय? पोराला कायतरी झालंय हितं."

"व्हय, पर वाळवलं कुठं?"

पोर हातचं जायची वेळ आणि यांना नजरेची पडलीय, असं म्हणून मी फोन ठेवून दिला. (म्हणालो मनात. ठेवला मात्र खरोखर.) आता सांगायला हरकत नाही, मी त्या वेळी रडलो. पोराला उराशी धरून भिंतीकडं तोंड करून रडलो. मला खरंच वाटलं की एका दिवसाच्या फुशारकीपायी मी माझं लेकरू घालवलं.

शेजारी तात्या राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडं गाडी. मी वेदांतला दुपट्यात नखशिखांत गुंडाळलं, उरलेले लंगोट पिशवीत कोंबले आणि मागच्या सीटवर बसलो.

"तात्या, बारामतीला घ्या. आन मागं बघू नका, लागण होणारं असंल."

तात्यांनी तोंडाला उपरणं बांधलं, चारही काचा खाली केल्या आणि गाडी काढली. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "ताप हाय का?"

"न्हाय."

"दूध पितंय?"

"पितंय."

"रडतंय का लय?"

"हसतंय."

तात्यांनी तोंडावरचं उपरणं खाली ओढलं. मग म्हणाले, "मंग आजारी कोण हाय?"

बारामतीत दवाखान्यात माझ्या पुढं सहाजण होते. माझा चेहरा बघून सहाहीजणांनी आपण होऊन वाट दिली. डॉक्टरीणबाईंनी वेदांतला उलटा केला, सुलटा केला, कापसानं एक ठिपका पुसला आणि कापूस उजेडाकडं धरला.

"कोरा लंगोट आहे का एखादा?"

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर लंगोट झटकला. कागदावर काळी भुकटी पडली.

"राहता कुठे?"

"कारखान्याच्या वसाहतीत."

"गळीत सुरू आहे?"

"जोरात हाय."

"आणि हे वाळवले कुठे?"

सासूबाईंचाच प्रश्न. मी हळूच सांगितलं, "गच्चीवर."

एवढ्यात तात्यांना राहवलं नाही. ते आत आले, कागदावरची चिमूट बोटात चोळली आणि म्हणाले, "ही तर आपली काजळी हाय."

गळिताच्या हंगामात, ऊस गाळून उरलेला भुसा बॉयलरमध्ये जळतो आणि त्याची काजळी चिमणीतून आख्ख्या वसाहतीवर पडते. फुलाफुलांच्या साडीवर ती दिसत नाही, गोऱ्या पोरावर दिसते. हे मला सांगायला डॉक्टरीणबाई लागायला नको होत्या, कारण तो भुसा जाळणारा मीच.

"काम काय करता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माझ्या आधी तात्याच बोलले, "बॉयलरवर हाय. माझ्याच हाताखाली शिकलाय." मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, कारण ते बाहेर जाऊन बसले.

त्याच वेळी सुनंदाचा फोन आला. "अहो, आईनं शाळेत फोन केला होता. लंगोट गच्चीवर घातले होते का?"

"हो."

"बाळ बरंय ना?"

"बरंय."

"आणि तुम्ही?"

"मी पण," म्हणालो.

"मग घरी या. मी पाचला पोचते. तोवर काही धुऊ नका."

सासूबाई परत आल्यावर मी त्यांना विचारलं, "आई, काजळीचं आधीच का न्हाय सांगितलं?"

त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "धूर तुमीच काढता. तुमच्या धुरानं नातवाची कापडं खराब हुत्यात असं जावयाला तोंडावर कसं म्हणायचं? तुमाला वाईट वाटलं असतं." म्हणजे आठ आठवडे ती माउली माझ्या बॉयलरवर लुगडं पांघरत होती, आणि मी तिला अडाणी समजत होतो.

वेदांत आता दुसरीत आहे. जोडाक्षरं यायला लागल्यापासून हाताला लागेल ते वाचतो. परवा त्याला जुनी फाईल सापडली. तिसऱ्या पानावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचायला लागला, "बाळ उत्तम. कपडे घरात वाळवणे. वडिलांना समजावून सांगितले." मग मान वर करून म्हणाला, "पप्पा, मग तुमाला समजलं का?"

मी जिन्याकडं पळालो. गळीत सुरू होतं, आणि माझे दोन पांढरे शर्ट सकाळपासून गच्चीवर होते.