नात खुर्चीत, आजी बाकावर

दातांच्या त्या दवाखान्यात थोरल्या सिस्टरला सगळे ‘पहारेकरीण’ म्हणत, तेही तिच्या तोंडावर. तिला त्याचं काय! बावीस वर्षं बाईने एकच काम केलं होतं. लहान मुलाला गुंगीचं औषध दिलं की डॉक्टर दातात डोकं घालणार आणि ही शेजारी उभी राहून, डोळ्यांत तेल घालून, मुलाची छाती वरखाली होतेय ना ते बघणार. बोटाला लावलेल्या चिमट्यावरून यंत्र आकडे दाखवायचं. “यंत्र हवंच,” ती म्हणायची, “पण त्याला कळायच्या आधी मला कळलं पाहिजे.”

एकदा डॉक्टर सहज म्हणाले, “जरा तो कापूस द्या.”

“मी कामात आहे,” ती नजर न हलवता म्हणाली. बिचाऱ्यांनी स्वतःच उठून कापूस घेतला.

हाताखालच्या धाकट्या सिस्टरला तर तिने चार वर्षं पुरतं पिळून काढलं होतं. “चेहऱ्याकडे बघू नकोस. चेहरे गोड असतात, फसवतात. छाती बघ.”

अशा बाईची पाच वर्षांची नात एक दिवस त्याच खुर्चीत आली. दोन दाढा किडलेल्या, गाल सुजलेला, तीन रात्री घरात कुणाला झोप नाही, आणि पोरगी कुणापुढे तोंड उघडेल तर शपथ. लेक मात्र निर्धास्त होती. आई आहे ना उभी!

थोरलीने नातीचं वजन स्वतः केलं, म्हणजे औषध अंदाजाने नको. पोट रिकामं आहे, सर्दी-खोकला नाही, हे दोनदा विचारलं. आणि मग म्हणाली, “आज बघायला धाकटी उभी राहील. मी बाहेर बसते.”

लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. “परक्यांच्या पोरांसाठी जीव टाकतेस आणि घरच्या पोरीच्या वेळी काढता पाय घेतेस? मग मला नाहीच करायचं काही.” तिने पर्स उचललीसुद्धा.

“अगं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मी डोळे पुसत बसेन. तेवढ्यात छाती कोण बघणार? मी आज सिस्टर नाही, आजी आहे.”

लेकीने पर्स परत खाली ठेवली. पटलं म्हणून नव्हे. पोरगी कण्हत होती म्हणून. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. थोरली तिला म्हणाली, “मी आत डोकावले तर हाकलून दे.”

दार लागलं. मायलेकी बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसल्या. आत मशीनची घरघर सुरू झाली. दहा-बारा मिनिटं गेली असतील, आणि धाकटीचा आवाज आला, “डॉक्टर, थांबा.”

घरघर थांबली. थोरली कधी उठली, तिचं तिलाच कळलं नाही. हात दाराच्या मुठीवर होता.

“आई, जा ना आत!”

आतून धाकटी बोलत होती. “मान पुढे पडलीय. हनुवटी वर घेते.”

आत्ता दार उघडलं तर धाकटीची नजर दाराकडे वळणार, हे पहारेकरणीइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने मूठ सोडली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

“येतोय श्वास. नीट येतोय. आकडेही ठीक आहेत,” धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून, “हं, करा सुरू.”

पुन्हा घरघर. ती कटकटी घरघर आयुष्यात पहिल्यांदा थोरलीला गोड वाटली. लेक उठून आली. काहीतरी खरमरीत बोलायचं म्हणूनच आली होती, पण तिने आईचे हात धरले आणि बोलायचं राहून गेलं.

“आई, किती थरथरतेयस.”

“म्हणून तर बाहेर बसले गं.”

लेकीने तिला बाकावर बसवलं आणि दार उघडेपर्यंत ते दोन्ही हात सोडले नाहीत.