पंखावरून

"पिल्लू खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो बघणारा," असं मामा म्हणायचा.

उबवणी केंद्रात कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांतून नर-माद्या वेगळ्या करायचं त्याचं काम. सगळे त्याला मास्तर म्हणत. मुठीत पिल्लू उलटं धरायचं, शेपटाखालची कातडी अंगठ्याने हलकेच दाबायची. दिव्याखाली मोहरीहून बारीक उंचवटा दिसला तर नर. एका जातीत मात्र पंखावरूनच कळतं: पिसं लांब-आखूड असली तर मादी, सारखी असली तर नर. पण ती खूण त्या एकाच जातीची. बाकीच्यांचा पंख बघून सांगणं म्हणजे अंधारात खडा मारणं, हे नवीन माणसांना त्यानेच शिकवलेलं.

त्या वर्षी तांबूस जातीची पिल्लं आली, पंखावरून न कळणारी. आईने अंड्यांसाठी साठ माद्या मागितल्या, मामाने स्वतः निवडून दिल्या. चार महिन्यांत त्यांतल्या एकतीस आरवू लागल्या.

"दादा, आता घरात घड्याळ नको बघ," आई म्हणाली. "एकतीस जण उठवायला आहेत."

मामा हसला नाही. "खोकी बदलली असतील. चिठ्ठ्या ती लावते."

ती म्हणजे बारा वर्षं त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून खोकी भरणारी बाई. इतर गिऱ्हाइकांचीही ओरड झाली, तेव्हा मालकालाही मामाने तेच सांगितलं. बाईचं काम गेलं.

आईला हे काही पटेना. जेवणाच्या सुट्टीत ती बाईला घेऊन केंद्रावर गेली, मागून मी. मामा दिव्यापाशी एकटाच होता. आईने ट्रेमधलं एक तांबूस पिल्लू उचलून त्याच्या हातावर ठेवलं.

"सांग दादा, काय आहे?"

मामाने पिल्लू उलटं केलं. दिवा खाली ओढला, आणखी खाली, कपाळाला चटका बसेल इतका. अंगठा बरोबर जागेवर होता, नजरच तिथवर पोचत नव्हती. मग सवयीने त्याने पंख पसरला. आम्ही तिघं बघतोय हे ध्यानात आलं तसा मिटून टाकला.

"राहू द्या हो ताई," बाई म्हणाली. "दोन वर्षं झाली, चिठ्ठीवरचं मीच वाचून दाखवत होते त्यांना. कुणाला बोलले नाही." मग त्याच्याकडे वळून, हळूच, "मास्तर, माझंच नाव घ्यायचं होतं होय?"

मामाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आईही खाली बघू लागली. भावाला असं भर उजेडात उघडं पाडायचं तिच्याही मनात नसावं.

"मालकाला तू सांगतोस की मी सांगू?" तिने जमिनीकडे बघतच विचारलं.

मामाने पिल्लू बाईच्या ओंजळीत दिलं, ॲप्रन काढून स्टुलावर ठेवला, आणि मालकाच्या उघड्या दारावरून मान खाली घालून, आत न वळता, फाटकाबाहेर निघून गेला.