घाटात धरलेला हात

जहाज बंदराला लागलं आणि आम्हा प्रवाशांना बसने डोंगर बघायला नेलं. घाट सुरू झाला, खाली दरी दिसली आणि खिडकीशी बसलेल्या आमच्या ह्यांनी डोळे मिटून माझा हात घट्ट धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण चारचौघांत ह्यांनी माझा हात कधी धरलेला नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा हे दहा पावलं पुढे असतात.

मी दरी बघायची सोडून त्या हाताकडेच बघत राहिले. मनगटावरचे केस पांढरे झाले होते, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला होता. हे सगळं कधी झालं, मला पत्ताच नव्हता. माणूस डोंगर बघायला एवढ्या लांब येतो आणि भलतंच काही बघून जातो.

पलीकडच्या सीटवरच्या परदेशी आजीबाई आमच्याकडे बघून गोड हसल्या. "किती प्रेम आहे हो तुमच्यात!" असं काहीसं इंग्रजीत म्हणाल्या.

"अगं, त्यांना सांग, मला चक्कर येतेय," हे डोळे न उघडताच पुटपुटले.

मी आजीबाईंना म्हटलं, "थँक यू."