लेकीचे डोळे

अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी सुचलेल्या सात गोष्टी मी सावर्ड्याच्या फोटो स्टुडिओत प्रिंट करायला नेल्या. स्टुडिओवाले काका कॉम्प्युटरवर एका वारलेल्या बाईचा फोटो मोठा करत होते. जन्मात तिचा एकच फोटो निघालेला, त्यातही डोळे मिटलेले. मुंबईहून आलेली तिची लेक स्टुलावर बसली होती. काकांनी चष्मा शर्टाला पुसला आणि लेकीच्या फोटोतले डोळे उचलून आईला लावले.

“माझे नको ओ काका,” ती म्हणाली. “शेवटी मी बघायलाच आले नाय तिला.”

“सगळे असंच सांगतात, बाय,” म्हणत काका त्या डोळ्यांखाली सुरकुत्या काढू लागले.

माझ्या सातही गोष्टींत मेलेलं माणूस शेवटी डोळे उघडायचं. ते डोळे कुणाचे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.