कोपऱ्यातलं बटण

आमच्या ऑफिसात त्याला सगळे 'तात्पुरते' म्हणत. आडनाव नव्हतं ते, सवय होती. काही बिघडलं की "तात्पुरतं करून ठेवतो, मग नीट बघू" हे त्याचं ठरलेलं. आमची कंपनी भाड्याच्या इमारती सांभाळते. तो कंपनीची वेबसाइट बघायचा आणि मी शेजारच्या टेबलावर तक्रारींचे फोन घ्यायचे. मला तो फोनबाई म्हणायचा. बारा वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट लिहिताना हात जड होतो. तरी लिहिणार आहे, कारण या गोष्टीत मीही आहे.

त्याला आपलं म्हणावं असं एकच माणूस, त्याची ताई. आई लवकर गेली, तेव्हा सोळा वर्षांच्या ताईने शिलाई मशीन धरलं आणि याला शिकवलं. तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. ती आमच्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही, जिन्याला खिडकी नाही. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय पायरी दिसत नाही. भाऊ कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो हे तिला कळत नसे, पण त्याचं कौतुक तिच्या पोटात मावत नसे.

एक दिवस साहेबांच्या डोक्यात आलं, वेबसाइटवर अभिप्रायाचं बटण हवं. भाडेकरूंनी फोन न करता तिथेच लिहावं. आणि ते चार वाजता मीटिंगमध्ये दाखवायचं! तात्पुरत्यांनी एआय मदतनीस उघडला, काय हवं ते साध्या भाषेत लिहिलं, आणि मदतनीस भराभर कोड लिहायला लागला. पानाच्या कोपऱ्यात निळं गोल बटण आलं. दाबलं की चौकट उघडायची, खाली 'पाठवा'. मी खुर्ची सरकवून बघत होते. मग मदतनिसाने विचारलं, "लोकांनी लिहिलेलं कुठे पाठवायचं? ईमेल पत्ता द्या, जोडून देतो."

तिथे घोडं अडलं. दुरुस्तीवाले म्हणाले, आमच्या गळ्यात नको. साहेबांच्या सेक्रेटरीने हात वर केले. तीन वाजून गेले होते.

"सध्या नुसतं 'धन्यवाद, तुमचं म्हणणं पोचलं' एवढंच दाखव," त्याने वैतागून टाइप केलं.

"दाखवण्यापुरतं करून देतो," मदतनिसाने लिहिलं. "पण लोकांसाठी सुरू करण्याआधी पत्ता जोडा. नाहीतर लिहिलेलं कुठेच साठणार नाही, आणि लिहिणाऱ्याला मात्र ते पोचलं असं वाटेल." कोडमध्येही त्याने तशी टीप घालून ठेवली.

"एवढं मलाही कळतं," तो पुटपुटला.

मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, आजच सुरू करा. त्याने केलं. पत्ता उद्या ठरणार होता. ते घोंगडं दोन खात्यांमध्ये अडीच महिने भिजत पडलं. माझे फोन निम्म्यावर आले. का, ते मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात मी त्याला दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. खरं सांगते, मला ती शांतता बरी वाटत होती.

एका सोमवारी चहा पिताना तो म्हणाला, "काल ताईचा फोन होता. तिने बटणावर लिहिलं म्हणे. लगेच उत्तर आलं म्हणून काय खूश! अख्ख्या इमारतीला सांगितलंय, फोनच्या नादी लागू नका, माझ्या भावाच्या बटणावर लिहा."

"काय लिहिलं तिने?"

"विचारलं नाही."

"अरे, का?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की ते कुठेच जात नाही."

 आमच्या दोघांपैकी एकाने जरी त्याच वेळी ताईला फोन लावला असता!

सव्वा महिन्याने, सकाळी अकरा वाजता, धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन उतरताना ताई तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली. तिथला दिवा कधीचा गेलेला होता. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात मी त्याच्याबरोबर होते. ताईने त्याचा हात धरला. "तीनदा लिहिलं रे मी त्या दिव्याबद्दल. तिन्ही वेळा पोचलं म्हणून आलं. ते दुरुस्तीवाले मेले ऐकतच नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम तू चोख केलंस."

त्याने तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मी डॉक्टर आलेत का बघायला बाहेर गेले.

तिथून तो तडक ऑफिसात आला आणि कोणाला न विचारता स्वतःचाच पत्ता जोडला. मदतनिसाबरोबर त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग त्याने लिहिलं, "आधी लोकांनी लिहिलेलं काढून देता येईल?"

"नाही," उत्तर आलं. "ते कुठेच साठवलेलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पहिला निरोप आला. ताईने हॉस्पिटलातून मोबाइलवर लिहिला होता. "जिन्यातल्या दिव्याबद्दल हे चौथ्यांदा लिहीत आहे. आधीचं तुम्हाला मिळालेलंच आहे. मला आता घाई नाही, मला पुन्हा एवढं चढता येणार नाही. पण तिसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण आली आहे, तिच्यासाठी लावा."

तो स्टूल आणि बल्ब घेऊन स्वतः गेला.

ताई आता त्याच्याकडे असते, काठी टेकत दारापर्यंत येते. "सांगितलंस का तिला?" मी अधूनमधून विचारते. "जरा बरी होऊ दे," तो म्हणतो. परवा मी गेले तेव्हा शेजारीण बसली होती. ताई तिला मोबाइलवर आमची वेबसाइट दाखवत होती. "हे कोपऱ्यातलं बटण आहे ना, ते आमच्या याने केलंय. लिहिलं की लगेच पोचतं."

तो माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला. पाणी माझ्यासमोर ठेवलेलंच होतं. मीही काही बोलले नाही.