आवाज न करता गेलेली एसएसडी

दुकानातल्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवावी का, असं कुणी विचारलं तर मी अजूनही बसवा म्हणूनच सांगते. सांगताना माझा आवाज चढतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, मी त्याच्यावरच चिडले आहे. चिडलेली मी असतेच, पण त्याच्यावर नसते.

माझं दुकान युसूफ वडगावात, बाजाराच्या रस्त्याला. फ्लेक्सचं. लग्नाचे, बारशाचे, वाढदिवसाचे आणि गेलेल्या माणसांचे बॅनर मी करते. डिझाईन माझं, छपाईचं मशीन मागच्या खोलीत. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याला चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, वर्ष झालं की पुन्हा लागतो. दुसऱ्यांदा येणारं माणूस फोटो घेऊन येत नाही. "गेल्या वर्षीचाच काढा ताई, फकस्त वरची ओळ बदला," एवढं सांगतं आणि बाकावर बसून घेतं. घरात तसबीर नसते. फोन फुटतात, पाण्यात पडतात, बदलतात. पण फ्लेक्सवालीच्या कॉम्प्युटरात आपली आई आहे, बाप आहे, हे लोकांनी धरलेलंच असतं. ही जबाबदारी मला कुणी विचारून दिली नव्हती, आणि मीही कधी नाही म्हटलं नव्हतं.

आधी माझ्याकडे जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती. सकाळी बटण दाबायचं, दुकान झाडायचं, देवाला उदबत्ती लावायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. मोठा बॅनर उघडायला घेतला की गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. एक दिवस ती डिस्क कटकट वाजायला लागली. वाजत राहिली, अडखळत राहिली, पण आठवडाभर तिने दम धरला आणि तेवढ्यात मी तिच्यावरचं सगळं उतरवून घेतलं. म्हातारं माणूस सगळ्यांना भेटून जातं, तशी ती गेली. तेव्हा मला तिचं काही कौतुक वाटलं नाही, उलट ब्याद टळली असंच वाटलं.

मग मी बीडला गेले. बसस्टँडजवळच्या गल्लीत एक कॉम्प्युटरवाला आहे, त्याने काउंटरवर एसएसडी ठेवली. खोबऱ्याच्या वडीएवढी, वजन म्हणाल तर नाहीच. मी विचारलं, टिकेल का?

"मॅडम, ह्याच्यात फिरणारं कायच न्हाई," तो म्हणाला. "मंग बिघडंल काय?"

मला ते पटलं. शिकलेल्या बाईला पटावं असंच ते वाक्य होतं.

आणि चांगल्याला चांगलं म्हणायला मी मागे हटत नाही. ती बसवली त्या दिवसापासून कॉम्प्युटर बटण दाबताच उभा राहायला लागला. ज्या फाईलपायी गिऱ्हाईक चहाला जायचं ती बोलता बोलता उघडायची. आवाज नाही, तापणं नाही. वीज कमी खाते, त्यामुळे लाईट गेल्यावर यूपीएस जरा जास्त तग धरायचा. फिरणारं काही नसल्यामुळे धक्क्याचीही भीती नाही. एकदा लग्नाच्या मांडवात स्लाइड शो दाखवायला अख्खा कॉम्प्युटर खडबडीत रस्त्याने रिक्षात घालून नेला, तिला काही झालं नाही. जुन्या मशीनचं आयुष्य तिने वाढवलं. नवा कॉम्प्युटर घ्यायचं माझं चारपाच वर्षं तरी टळलं.

खोडी पण होत्या. मोठी फाईल चढवायला घेतली की सुरुवातीला भराभर पळायची आणि अर्ध्यात येऊन रेंगाळायची. खोक्यावर वेग छापलेला असतो तो त्या पहिल्या पळण्याचा, हे खोक्यावर छापलेलं नसतं. नव्वद टक्के भरली की आणखी सुस्त व्हायची. त्यावर मी कुरकुर केली नाही. तिची तब्येत दाखवणारा एक प्रोग्राम होता, तो मी मधूनमधून उघडून बघायची. हिरव्या अक्षरांत 'उत्तम' असं यायचं आणि मला बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, परत आली. यूपीएस ओरडला आणि कॉम्प्युटर बंद पडला. लाईट स्थिर झाल्यावर बटण दाबलं तर पडद्यावर आलं की डिस्कच नाही. खराब आहे असं नाही, वाचता येत नाही असंही नाही. नाहीच. मी केबल काढून लावली, दुसऱ्या मशीनला लावून बघितली. कालपर्यंत उत्तम तब्येत असलेली ती वडी आता नुसता प्लॅस्टिकचा तुकडा होती. एक कट नाही, एक खट नाही.

बीडचा तो कॉम्प्युटरवाला ती उलटसुलट करत म्हणाला, "लाईटीमुळं गेली असंल मॅडम. बॅकअप न्हाई का ठेवला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. विकताना याने हा शब्द एकदा तरी तोंडातून काढला होता का? तेव्हा बिघडण्यासारखं काहीच नव्हतं, आणि आता माझंच चुकलं? आणि लाईट. बीड जिल्ह्यात लाईट जाते, ही काय त्याला त्या दिवशी कळलेली बातमी होती?

त्याच्याकडून मग मला असं कळलं की बँकांसाठी, मोठ्या कंपन्यांसाठी ज्या महाग एसएसडी बनतात, त्यांच्यात जराशी वीज साठवून ठेवायची सोय असते. लाईट गेली तरी हातातलं काम पुरं करूनच त्या बंद होतात. तुमच्याआमच्यासाठीच्या स्वस्त डिस्कमध्ये नेमकी तीच सोय नसते. म्हणजे ज्यांच्या इमारतीला दोनदोन जनरेटर आहेत त्यांना ती मिळते, आणि ज्यांची लाईट दिवसातून चारदा जाते त्यांना नाही. हे ज्याने ठरवलं त्याला एक महिना माझ्या दुकानात बसवायला पाहिजे.

मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या पुण्यातल्या एकाला फोन लावला. तो म्हणाला, जुनी डिस्क असती तर उघडून काहीतरी काढता आलं असतं. हिच्यात सगळं विखरून लिहिलेलं असतं आणि ते कुठे आहे हे ठाऊक असलेली चिपच मेलेली आहे. पाठवा, पण भरवसा नाही. पाठवली, तशीच परत आली. मग वॉरंटी. वॉरंटी मात्र झकास. फुटकी देऊन नवीकोरी घेऊन जा, कुणी काही विचारत नाही. माहितीची जबाबदारी आमची नाही, असं आत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. जणू मी त्यांच्याकडून रिकामी डबी घेतली होती आणि माझं रडणं डबीसाठी होतं.

तिच्याबरोबर काय काय गेलं, ते मला लोक यायला लागले तसं कळत गेलं. पहिला आला तो एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता. साहेबांचा वाढदिवस जवळ आला होता. डिस्क गेल्याचं मी चाचरत सांगितलं.

"मंग त्यात काय ताई?" तो म्हणाला, आणि तिथेच बाकावर बसून त्याने अंगठा फिरवला. माझ्या फोनवर साहेबांचे फोटो टणटण येऊन पडायला लागले. हात जोडलेले, हात उंचावलेले, चष्म्याचे, बिनचष्म्याचे, ट्रॅक्टरवरचे. चहा येईपर्यंत फोन भरला. तो चेहरा पुसायचा म्हटलं तरी पुसला जाणार नाही. तो जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे. मी त्याचा बॅनर करून दिला आणि दिवसभर मशीनवर राग काढत राहिले.

नंतर उन्हाळ्यात एक पोरगी आली. वीस-एकवीसची असेल. शेजारच्या वस्तीवरची, ऊसतोडीच्या टोळीतली. नुकतीच उसाच्या फडावरून परतली होती. तिची आई आदल्या उन्हाळ्यात वारली होती आणि दहाव्याचा फ्लेक्स मीच केला होता.

तो फोटो मला पक्का आठवत होता, निदान त्याचं काम तरी. मुकादमाने टोळीचा काढलेला घोळक्याचा फोटो, त्यात मागच्या रांगेत ती बाई, डोक्यावर उसाच्या हिरव्या वाढ्याचा भारा, अर्धं तोंड भाऱ्याच्या सावलीत. मी भारा काढला, डोक्यावर पदर आणला, सावलीतला अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यावरून भरून काढला. दोन दिवस मोडले होते. आधार कार्डावरचा फोटो आधी करून बघितला होता, पण मोठा केला की त्यात नुसते काळे ठिपके उरत होते.

"ताई, मायचं वरीस हाय," ती म्हणाली. "तेच काढा. प्रथम पुण्यस्मरण लिवा."

मी तिला बसवलं आणि सांगितलं. तिला आधी कळलंच नाही.

"कॉम्पुटर तर चालू हाय की," ती म्हणाली.

चालू होता. वॉरंटीची नवी एसएसडी लखलखीत पळत होती. मी परत समजावलं. मुकादमाकडचा मूळ फोटो? त्याने फोन बदलला. तिला मी बॅनर पाठवला होता तो? "स्टेटसला ठेवलंतं, दुसऱ्या दिशी गेलं. फोन बी पाण्यात गेला." मी माझ्या फोनमध्ये जुनं बोलणं उघडलं. तिथे एक धूसर चौकोन होता. दाबला की पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असं येत होतं. पाठवणारी मीच. चौकात लावलेला फ्लेक्स त्यांनी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना कोपीवर, फडावरच्या झोपडीवर, टाकायला नेला होता, तो तिकडेच उन्हावाऱ्यात फाटून गेला.

मला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. साखर कारखाना, मुकादम, महावितरण, बीडचा दुकानदार, ती कंपनी, सगळ्यांचा मला इतका राग आला होता की माझाच श्वास लागला होता. आणि तिला तर या सगळ्यात कुणाला बोलायचं हेही ठाऊक नव्हतं.

"मंग महाच काढा," ती म्हणाली.

"काय?"

"महा फोटू काढा. समदे म्हंतेत, मी मायवानीच दिसते. थोडं म्हतारं करा, झालं."

जित्या माणसाचा फोटो तिथे लावू नये, असं मी तिला म्हटलं. अपशकुन असतो. त्यावर ती नुसती हसली आणि पदर डोक्यावर घेऊन पांढऱ्या भिंतीला टेकून उभी राहिली. मी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

मी कपाळावर मोठं कुंकू लावलं. गालांवर सुरकुत्या ओढल्या.

"एवढ्या नव्हत्या," ती म्हणाली.

मी त्या पुसल्या. मग पदराखालून दिसणाऱ्या केसांवर पांढरा रंग फिरवायला घेतला. ती वाकली आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"कावून पांढरे करता, ताई? मायचे पांढरे व्हायचेच ऱ्हायले."

मी पांढरा पुसला. डोळ्यांखालची काळपट रेघ पुसायला गेले, तर ती म्हणाली, ती ऱ्हाऊ द्या. ती रेघ मी ओढलेली नव्हती, तिची स्वतःचीच होती. पडद्यावर आता कुंकवाशिवाय माझं काहीच उरलं नव्हतं.

"हां," ती म्हणाली. "आशीच व्हती."